‘झापलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

गेला आठवडाभर आमच्या मित्रमंडळात एका क्रियापदावरून हमरीतुमरी चालू आहे. निमित्त एका बातमीच्या हेडिंगचं. खड्ड्यांवरून हायकोर्टाने पालिकेला झापले, अशा अर्थाचं. एकाने ते वाचून नाक मुरडलं की ही काय वर्तमानपत्राची भाषा झाली, झापले म्हणे, नाक्यावर उभं राहून बोलताय का, ‘खडसावले’ नावाचा चांगला शब्द मेला का. लगेच दुसरा उसळला की भाषा प्रवाही असते, तुम्ही सदाशिवपेठी लोक तिला डबक्यात कोंडायला बघता. मग तिसऱ्याने मध्येच ‘फटकारले’ आणलं, चौथ्याने ते हिंदी आहे म्हणून हाणून पाडलं, आणि तिसऱ्या दिवशी विषय कुणाच्या आजोबांनी कुठल्या शाळेत मराठी शिकवलं इथवर पोचला. दोन्ही बाजू इतक्या तावातावाने बोलतायत पण मूळ प्रश्न एकानेही विचारला नाही, तो म्हणजे त्या दिवशी कोर्टात नक्की झालं काय होतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. झापणे हा अस्सल आणि फार नेमका शब्द आहे, तो छापायला माझी काडीची हरकत नाही. हरकत आहे ती तो कुठेही चिकटवण्याला. शब्द नेमका असतो तेव्हा त्याच्या अटी असतात, आणि झापणेच्या अटी बऱ्यापैकी कडक आहेत. आज हेडिंगांमध्ये जे दिवसाला चार वेळा ‘झापलं’ दिसतं त्यातलं निम्म्याहून जास्त झापणं नसतंच, दुसरंच काहीतरी असतं, आणि ते दुसरं काय होतं हे आपल्याला कळू नये याची व्यवस्था हे क्रियापद करतं. म्हणजे तक्रार सोवळ्या-ओवळ्याची नाहीये, खरं-खोट्याची आहे.

आता अटी कुठल्या ते बघू. पहिली म्हणजे झापणारा आणि झापला जाणारा समोरासमोर हवेत, निदान फोनवर तरी. पाठीमागे कुणाला झापता येत नाही, पाठीमागे फार तर शिव्या घालता येतात. दुसरी, झापणाऱ्याचा हात वर असायला हवा, त्या घटकेपुरता का होईना. साहेब कारकुनाला झापतो, आई पोराला झापते, मैत्रीणसुद्धा झापते कारण तिने चार वेळा सांगून आपण ऐकलेलं नसतं आणि त्या क्षणी तिची बाजू वरचढ असते. पोराने बापाला झापलं असं आपण म्हणतो तेव्हा हसत म्हणतो, कारण घरातली उतरंड उलटी झालेली असते आणि गंमत त्यातच असते. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, समोरच्याला उलट बोलता येत नाही. तो बोलायला लागला की ते भांडण झालं, वाद झाला, झापणं राहिलं नाही. आणि आवाजाचं म्हणाल तर झापायला आवाज चढवावा लागत नाही, हळू आवाजात ओरडता येत नाही पण हळू आवाजात झापता येतं, आणि ज्यांनी ते खाल्लंय त्यांना माहितीय की तेच जास्त लागतं. कारण असलंच पाहिजे असंही नाही. ‘विनाकारण झापलं’ हे आपलं रोजचं वाक्य आहे. ‘विनाकारण कानउघाडणी केली’ असं मात्र कुणी म्हणताना ऐकलंय का? कानउघाडणीत समोरच्याचं भलं गृहीत आहे, झापण्यात काहीच गृहीत नाही, झापणाऱ्याचं डोकं दुसऱ्याच कुणावर फिरलेलं असू शकतं.

हे सगळं क्रियापदाच्या अंगात किती मुरलेलं असतं ते शाळेतल्या व्याकरणावरूनही दिसतं, ज्याला आपण सगळे कंटाळलो होतो. ‘आई रागावली’, ‘आई ओरडली’, इथे क्रियापद आईच्या मागून चालतं, कर्तरी प्रयोग. राग आईचा, आवाज आईचा, मी आपला समोर उभा. पण ‘आईने मला झापलं’ म्हटलं की क्रियापद ना आईचं ऐकत ना माझं, भावे प्रयोग, ‘रामाने रावणाला मारले’च्या ओळीत जाऊन बसतं. तिथे जे घडलं ते माझ्यावर केलेली कृती आहे, आईच्या मनात काय होतं याच्याशी वाक्याला देणंघेणं नाही. आणि विभक्तीने सुद्धा काय फरक पडतो बघा, ‘बाबा माझ्यावर रागावले’ म्हणजे ते कदाचित चार दिवस बोललेच नसतील, पण ‘बाबा मला रागावले’ म्हणजे तोंडाने बोलले, सुनावलं. एका ‘ला’ आणि ‘वर’ने घरातली हवा बदलते. माझी आजी ‘आई मला ओरडली’ हे वाक्य कानावर पडलं की चिडायची, ओरडायला ती काय कावळा आहे, रागे भरली म्हण! तेव्हा आम्हाला तो म्हातारपणाचा चक्रमपणा वाटायचा. आता वाटतं तिला फरक ऐकू येत होता आणि आम्हाला नव्हता. (अर्थात हरली तीच, आज पाच वर्षांपासून पंचाहत्तर वर्षांपर्यंत सगळ्यांना सगळे ‘ओरडतात’ आणि ‘रागे भरणे’ म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात.)

आणखी एक गोष्ट. मराठीत बोलणी बसण्याचे जेवढे वाक्प्रचार आहेत ते ओळीने म्हणून बघा, बहुतेकांत अंगावरचं काहीतरी काढून घेतलेलं आहे. खरडपट्टी काढणे, सालटी काढणे, वाभाडे काढणे, तासणे, सोलून काढणे, झाडणे, नक्षा उतरवणे, बिनपाण्याने करणे. सुतार, न्हावी, सगळे धंदे हजर. दुसरा गट कानाचा आहे, उपटणे, पिळणे, टोचणे, उघाडणी, तिथे निदान ऐकवण्याचा हेतू शिल्लक आहे. तिसरा गट देवघरातला, पूजा बांधणे, उद्धार करणे, शिव्यांची लाखोली वाहणे. कचेरीचा एक गट वेगळाच, हजेरी घेणे, तंबी देणे, समज देणे, ताशेरे ओढणे. आणि झापणे? त्यात कसलंच चित्र दिसत नाही. ऐकताना ना रंधा दिसतो ना वस्तरा ना कान. नुसता एक फटकन आवाज आहे. मला वाटतं तो एवढा पसरला याचं गुपित हेच असावं, चित्र नसलं की शब्द कुठल्याही भिंतीवर टांगता येतो.

आता शुद्धतेवाल्यांचं ऐकून घेऊ, कारण त्यांचं सगळंच टाकाऊ नाहीये. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा ‘फटकारले’बद्दलचा आहे आणि तो मला मान्य आहे. मराठीत फटकारणे होतं आणि आहे, पण चाबूक फटकारतात, कुंचला फटकारतात, त्याला कर्म लागतं ते हातातलं. ‘कोर्टाने सरकारला फटकारले’ मधलं सरकार हे चाबकाच्या जागी येऊन बसलंय, आणि ते हिंदी बातम्यांतल्या ‘फटकार’मुळे बसलंय हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको. पण गंमत अशी की मराठीला या घराण्याशी वैर कधीच नव्हतं. अठराव्या शतकात अनंत फंदींनी जो काव्यप्रकार गाजवला त्याचं नावच फटका. लोकांना चार खडे बोल सुनावणारी, वागायचं कसं ते ठणकावून सांगणारी कविता. म्हणजे शब्दाने मारायचा फटका आपल्याला दोनशे वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. मग क्रियापद हिंदीच्या वाटेने परत आलं तर त्याला उंबऱ्यावर अडवून जात विचारायची का? विचारायची ठरवली तर मग तंबीलाही विचारा, हजेरीलाही विचारा, दोन्ही अरबीतून आलेल्या आहेत आणि ‘सरांनी हजेरी घेतली’ म्हणताना आपल्याला वाळवंट आठवत नाही.

हा खेळ आपण आधीही खेळलोय. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, हजारावर फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. हेतू मोठा होता, राज्य आपलं तर दफ्तराची भाषाही आपली. पण त्यानंतरची पेशवाईची कागदपत्रं काढून बघा, फारसी शब्द खुशाल नांदतायत. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि तिच्यातून आलेले दिनांक, महापौर असे शब्द आज कुणाला नवे वाटतसुद्धा नाहीत, तेव्हा ‘चळवळ फुकट गेली’ असंही म्हणता येणार नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण माधव जूलियनांचं. या माणसाने १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, कवितेत फारसी शब्दांची लयलूट केली, आणि पुढे तोच माणूस भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता होऊन स्वतःच्याच कवितांतले फारसी शब्द उपटायला बसला. यातून एवढं नक्की दिसतं की शब्द कुठून आला यावर हुशार माणसं आयुष्यभर भांडू शकतात, स्वतःशीसुद्धा. आणि त्या भांडणात तो शब्द आज, या वाक्यात, खरं बोलतोय का, हे बघायचं राहून जातं. नामांचं निदान बरं असतं, तारीख म्हणा नाहीतर दिनांक, दिवस तोच राहतो. बोलणी घालण्याच्या क्रियापदांचं तसं नाही. खडसावले, झापले, कानउघाडणी केली, समज दिली, ही चार नावं एकाच गोष्टीची नाहीतच. पोलिसांनी पोराला समज देऊन सोडलं यात कागदावर काही चढलेलं नाही हा अर्थ आहे, आणि तो ‘झापून सोडलं’मध्ये नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही सोपा नाहीये. हेडिंगला जागा कमी असते. ‘ताशेरे ओढले’ हे दोन शब्द आणि ‘झापले’ हा एक, मोबाइलच्या स्क्रीनवर तर अजूनच ओढाताण. शिवाय ताशेरे म्हणजे काय हे आज कॉलेजच्या पोराला विचारलं तर तो लेझीम-ताशा सांगेल अशी परिस्थिती आहे. कचेरीतली मराठी सामान्य माणसाला परकी वाटते आणि झापणे त्याच्या तोंडातलं आहे, मग त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललं तर तुमचं काय जातं? हा प्रश्न रास्त आहे. यातला वर्गाचा मुद्दा तर मला पूर्ण पटतो, ‘नाक्यावरची भाषा’ म्हणून जो नाक मुरडतो तो भाषेला नाही, नाक्यावरच्या माणसाला नाक मुरडतो. माझं उत्तर एवढंच की नाक्यावरच्या माणसाला झापणेचा अर्थ आपल्यापेक्षा पक्का माहीत असतो. त्याला ठेकेदाराने झापलेलं असतं, हवालदाराने झापलेलं असतं. त्याला नीट कळतं की झापलं म्हणजे तोंडी, तेवढ्यापुरतं, आणि उद्या परत कामावर यायचंय. त्याच्याच शब्दात त्याला चुकीची बातमी देणं याला लोकभाषेचा आदर कसं म्हणायचं?

कोर्टापुरतं बोलायचं तर यात एक गोष्ट आहे जी या भांडणात कुणाच्या लक्षातच आली नाही. हायकोर्टाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे, घटनेच्या ३४८व्या कलमाने. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांत मराठी आली, वरती नाही. म्हणजे ‘झापले’ हा शब्द न्यायमूर्तींच्या आसपासही फिरकलेला नसतो, त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलेलं असतं, बहुधा प्रश्नच, आणि त्याचं ‘झापलं’ करतो तो बातमीदार नाहीतर डेस्कवरचा माणूस. हे भाषांतर आहे! आणि भाषांतराने आच कमीजास्त होते हे मराठी माणसाला तरी नव्याने सांगायला नको. १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख केसरीतले, मराठी. ज्युरीत नऊ जण, सात युरोपीय आणि दोन पारशी, त्यांच्या हातात सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळक स्वतः बोलायला उभे राहिले, एकवीस तासांवर बोलले, आणि त्यातला मोठा भाग कशावर खर्च केला? या मराठी शब्दाचा अर्थ तुम्ही लावलाय तो नाही, भाषांतराने माझं लिखाण होतं त्यापेक्षा भडक केलंय, यावर. ज्युरीने सात विरुद्ध दोन दोषी ठरवलं, सहा वर्षं मंडाले. म्हणजे एका शब्दाची आच केवढी यावर माणसाचं आयुष्य टांगलं जाऊ शकतं हे याच शहरात, याच कोर्टात घडून गेलंय. आज बाजू उलटी आहे. बोलणारा न्यायाधीश इंग्रजीत आणि वाचणारे आपण मराठीत, आणि मधला भाषांतरकार आच वाढवतोय, फक्त यावेळी त्यातून कुणी तुरुंगात जात नाही म्हणून आपण ते चालवून घेतो. आणि टिळकांचंच निघालंय म्हणून सांगतो, १८९७ सालचा त्यांचा तो अग्रलेख, सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, मराठीत सरकारला याहून जोरात कुणी सुनावलं असेल असं मला वाटत नाही. त्या मथळ्यात बोलणी घालण्याचं एकही क्रियापद नाही. नुसता प्रश्न आहे.

कोर्टात तोंडी आणि लेखी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. न्यायाधीश सुनावणीत बोलतात ते वकिलाला चाचपण्यासाठी, कधी चिडून, कधी मुद्दाम उलटी बाजू घेऊन. आदेशात उतरतं ते वेगळं. (सुनावणी आणि सुनावणे हे शब्द एकमेकांच्या एवढे जवळ का आहेत हा वेगळा लेख होईल, पण कोर्टात दोन्ही चालतं खरं.) २०२१च्या एप्रिलमध्ये मद्रास हायकोर्टाने निवडणूक आयोगाबद्दल तोंडी शेरा मारला की कोरोनाच्या दुसऱ्या लाटेला तुम्हीच जबाबदार आहात आणि तुमच्यावर बहुधा खुनाचे गुन्हे दाखल करायला हवेत. देशभर हेडिंगं झाली. आयोग सुप्रीम कोर्टात गेला, तो शेरा काढून टाका आणि तोंडी बोलणं छापायला माध्यमांना बंदी करा म्हणून. सुप्रीम कोर्टाने मे महिन्यात निकाल दिला की माध्यमांना तोंडी बोलणंही छापता येईल, शेरा कठोर होता आणि न्यायाधीशांनी जपून बोलावं हेही खरं, पण तो कागदावर नव्हताच, मग काढून काय टाकणार? मला हा निकाल फार आवडतो. छापण्याचा अधिकार तर मिळाला, पण त्याच दमात हेही सांगितलं की तोंडी बोलणं म्हणजे आदेश नव्हे. आपल्याकडे मराठीत तर हा फरक दाखवायला वेगवेगळे शब्द तयार आहेत, तोंडी असेल तर झापलं, खडसावलं, सुनावलं. लेखी असेल तर ताशेरे ओढले. एवढी सोय बऱ्याच भाषांत नसेल. आणि आपण काय करतो, दोन्हीला झापलं म्हणतो.

खड्ड्यांचंच घ्या, मूळ हेडिंग त्याचंच होतं. मुंबई हायकोर्टात खड्ड्यांची जनहित याचिका २०१३पासून आहे, कोर्टानेच स्वतःहून दाखल करून घेतलेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात पालिकांना झापल्याच्या बातम्या वाचून वाचून आपण इतके निबर झालोय की छत्री काढावी तशी ती बातमी येते असं वाटतं. आणि २०२५च्या ऑक्टोबरात त्याच प्रकरणात कोर्टाने आदेश दिला की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई, जखमी झाला तर इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. हे झापणं नाही, हा हक्क झाला, कुणाच्या तरी घरात उद्या उपयोगी पडणारा. पण ‘झापले’ची इतकी सवय झाल्यावर ज्या दिवशी खरंच काहीतरी दिलं जातं त्या दिवसासाठी आपल्याकडे मोठा आवाज शिल्लक राहतो का? ज्याने बारा वर्षं ‘झापले’ वाचलंय त्याला वाटणार, हां, परत झापलं असेल.

याहून वाईट अवस्था पुढाऱ्यांच्या बातम्यांची. ‘आढावा बैठकीत मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना झापलं’, खाली व्हिडिओ. इथे तर शब्दाच्या सगळ्या अटी पाळलेल्या असतात, समोरासमोर, वरचा हात, उलट बोलायची सोय नाही, म्हणून मी भाषेची चूक काढू शकत नाही. पण बघा की हे क्रियापद कुणाचं काम करतंय. बैठकीत कॅमेरा आहे, पुढारी उभा आहे, समोर कुणीतरी मध्यमवयीन इंजिनियर फाइल छातीशी धरून खाली बघतोय. निधी कधी आला, मंजुरी कुणाकडे अडकली, टेंडर कुणाला गेलं, यातला एकही प्रश्न त्या बातमीत नसतो, कारण ‘झापलं’ने वाक्य पूर्ण होतं. व्याकरणाने पूर्ण आणि मनानेही पूर्ण. वाचणाऱ्याला वाटतं, बरं झालं, हाणला पाहिजेच होता. झापणे हे असं एकमेव सरकारी काम आहे ज्याचा निकाल कुणी विचारत नाही. त्या पुढाऱ्याच्या पक्षाच्या हातात ते खातं गेली कित्येक वर्षं असेल तर खरं म्हणजे तो स्वतःलाच झापत असायला हवा, पण झापणे आत्मवाचक होत नाही, मी मलाच झापलं असं कुणी म्हणत नाही, फार तर स्वतःला दोष दिला म्हणतो. भाषेलाही ते अशक्य वाटतं.

यावर एकाने मला विचारलं की एवढं कशाला ताणतोस, हेडिंग म्हणजे फक्त हाक असते, खाली बातमी असते ना. असते. वाचतो किती जण हा एक भाग झाला, पण त्याहून मला वाटतं की क्रियापदाने एकदा दृश्य उभं केलं की खालची बातमी त्या दृश्यात बसवूनच वाचली जाते. उलट उदाहरण देतो. शाळेत सर मुलाला रागावले आणि सरांनी मुलाला वर्गासमोर झापलं, ही दोन वाक्यं आईच्या कानावर सारखी पडत नाहीत, पहिल्यावर ती म्हणेल बरं केलं, दुसऱ्यावर विचारेल काय म्हणाले, किती वेळ, कोण कोण होतं. शिक्षण हक्क कायद्याने, २००९च्या, शाळेत मारण्याबरोबरच मुलांच्या मानसिक छळालाही बंदी आहे, आणि रागावणं कुठे संपतं नि छळ कुठे सुरू होतो हे ठरवताना शेवटी कुणीतरी हेच विचारणार की नेमकं काय केलं. ऑफिसातही तेच. २०२५च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कामाच्या ठिकाणी वरिष्ठाने कामावरून खडसावणं म्हणजे फौजदारी कायद्यातला हेतुपुरस्सर अपमान होत नाही. खडसावणे मी लिहिलं, माझ्या निवडीने. इथे मी ‘झापणे’ घातलं असतं तर वाचणाऱ्याला तो निकाल जरा निर्दय वाटला असता, आणि ‘कानउघाडणी’ घातलं असतं तर अगदी मायेचा. निकाल तोच. बघा म्हणजे, हे लिहितानासुद्धा हात थरथरतो.

हा फरक मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका दैनिकाच्या रात्रीच्या डेस्कवर होतो. कोर्टाची बातमी हातात आली, मी झोकात हेडिंग लावलं, झापले, तीन कॉलम, खाली रेघ. मुख्य उपसंपादक म्हणजे पन्नाशीचा, चहा बशीतून पिणारा माणूस, त्यांनी प्रिंट हातात घेतलं, चश्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, लेखी आहे का? मी म्हटलं म्हणजे? म्हणाले, आदेश बघितलास का, का बातमीदाराने फोनवर सांगितलं तेवढ्यावर हाणलंस? मी म्हटलं फोनवर. त्यांनी फोन लावला, बातमीदाराला झोपेतून उठवला, दोन मिनिटं हं हं केलं आणि ठेवला. कोर्टाने एक प्रश्न विचारला होता आणि दोन आठवड्यांनी उत्तर द्या म्हणून तारीख दिली होती, बास. त्यांनी लाल पेनने ‘झापले’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘दोन आठवड्यांत उत्तर द्या’. माझ्याने राहवलं नाही, मी पुटपुटलो की सर, हे फारच सपक वाटतंय. त्यावर पुढची पाच मिनिटं ते जे काही बोलले ते सगळ्या डेस्कसमोर, खुर्चीतून न उठता, आवाज अजिबात न चढवता, आणि मी पूर्ण वेळ त्या रिकाम्या बशीकडे बघत उभा होतो. त्याला काय म्हणायचं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.